पपडीखालचं बी

"सारखे हात नको चोळू," तृप्ती म्हणाली. दैवशालाबाईंनी हात पदराखाली घेतले आणि तिथं चोळायला लागल्या. जालन्याच्या दवाखान्यात, डॉक्टरांच्या दाराबाहेरच्या बाकावर मायलेकी रिपोर्टसाठी सकाळपासून बसल्या होत्या. आतड्यातली गाठ काढून झाली होती आणि बाईंना स्वतःची धास्ती उरली नव्हती. आपलं काय, व्हायचं ते होईल. जीव टांगणीला लागला होता तो शेजारी बसलेल्या पोरीसाठी.

पेशी बेफाम वाढू नयेत म्हणून राखण करणारं एक जनुक गाठीत कामच करत नाही, असं डॉक्टरीणबाई मागच्या खेपेला म्हणाल्या होत्या. ते जन्मापासून बिघडलेलं असेल तर मुलीतही उतरलेलं असू शकतं. गाठीपुरतंच बंद पडलं असेल तर गोष्ट वेगळी. ते तपासणीत कळेल.

उतरलेलं असू शकतं, एवढंच बाईंच्या डोक्यात बसलं. जाफराबादजवळच्या शेडनेटमध्ये, मिरचीच्या बियाण्याच्या प्लॉटवर त्यांची उमर गेली होती. तिथला कायदा एकच. रोप जरा वेगळं दिसलं, की फूल उमलायच्या आत उपटायचं. त्याचा पराग उडाला तर सगळं बियाणं भेसळीचं ठरतं. खात्री करत बसायला वेळ कुणाला? या कामात बाईंचा हात कुणी धरू शकत नसे.

तृप्तीची सोयरीक आष्टीच्या अंगदशी ठरत आली होती. रिपोर्ट येईस्तोवर थांब, म्हणून पोरगी गयावया करत राहिली. बाई ऐकतील तर शपथ. दुसऱ्याच्या घरात खराब बी द्यायचं पाप नको, म्हणून त्या बस बदलत बदलत आष्टीला गेल्या आणि अंगदच्या आईला, द्वारकाबाईंना, सगळं सांगून सोयरीक मोडून आल्या. तेव्हापासून तृप्ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची.

नाव पुकारलं तेव्हा बाईंना चटकन उठता येईना. तृप्तीनंच हाताला धरून आत नेलं.

डॉक्टरीणबाई सावकाश सांगत होत्या. जनुकाची घडण शाबूत होती. पण मिथाइल नावाचे बारीक रासायनिक कण त्याच्या सुरुवातीलाच चिकटून बसले होते, त्यामुळे पेशीला ते वाचताच येत नव्हतं. राखणदार होता, पण गप्प बसवलेला. आणि हे सगळं फक्त गाठीत. रक्तात ना ते कण, ना बिघाड.

बाई गोंधळल्या. मग चाचरत म्हणाल्या, "म्हंजे बी चांगलंच हाय. वरून जमिनीनं पपडी धरली, म्हणून उगवलं न्हाई. बराबर ना?"

"तसंच समजा. मुलीला तुमच्याकडून काही आलेलं नाही."

बाईंना रडू आवरेना. दवाखान्याच्या पायरीवर बसूनच त्यांनी आष्टीला फोन लावला. द्वारकाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"लई चांगलं झालं, बाई. तुम्ही खरं बोलल्या, तुमचा मान हाय आमाला. पण अंगदचं जमलं आता. सोमवारीच सुपारी फुटली."

शेजारी बसलेल्या तृप्तीनं ते ऐकलं होतं. बाईंनी तिच्याकडं पाहिलं. "म्या काय करून बसले गं," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

"चल, गाडी निघून जाईल," तृप्ती म्हणाली.

घरी थोडं सावरल्यावर, कुणाचं न ऐकता, बाई प्लॉटवर गेल्या. टाके अजून ओढत होते, म्हणून तृप्ती सोबत होती. सरीत एक रोप बाईंना खटकलं. पानं जरा रुंद होती. सवयीनं हात बुडाशी गेला, तोच तृप्तीनं मागून मनगट धरलं.

"राहू दे आई. कळ्या तेवढ्या खुडते, मंग पराग उडणार न्हाई. रोपाचं उद्या बघू."

बाईंनी हात मागे घेतला. तृप्ती खाली बसली आणि एकेक कळी खुडून ओढणीत टाकू लागली. बाईंना ते बघवत नव्हतं, तरी त्या तिथंच उभ्या राहिल्या.