सावलीतला तेरडा

यंदा गौर आमच्याकडे यायची ठरली, कारण वाकोल्याची चाळ पाडली.

आमच्या मोठ्या जाऊबाई, त्यांना सगळेच वैनी म्हणतात, चाळीत होत्या तोवर गौर त्यांच्याकडेच यायची. आता नवी इमारत उभी राहीपर्यंत त्या जोगेश्वरीला भाड्याच्या खोलीत आहेत. तिथे पलंग टाकल्यावर गौरीला उभं राहायला जागा उरत नाही. म्हणून आषाढातच एका सकाळी त्यांचा फोन आला. तुळशीला पाणी घालून सूर्याला अर्घ्य दिल्याशिवाय मी तोंडातून शब्द काढत नाही, तसा माझा नेम आहे. अर्घ्य व्हायचं होतं, त्यामुळे मी नुसतं "हं" म्हणत होते.

"मालन, औंदा गौर तुझ्याकडे."

"हं."

"नीट उभी रवली तर फुडे पण तुझ्याकडेच. माझ्याच्यान आता होणा नाय."

"हं."

"तुका आनंद झालो काय नाय?"

"हं," मी म्हणाले. झाला होता.

आम्हाला एकच मुलगा, सिद्धेश. तो हैदराबादला असतो आणि रविवारी फोन करून जेवलीस का विचारतो. मुलगी नाही. गौर म्हणजे माहेरवाशीण, घरी आलेली लेक. वैनींना मुलगी आहे, निधी, म्हणजे भाद्रपदात त्यांच्याकडे दोन लेकी असायच्या. मी तिकडे भाजी निवडायला जायचे.

आमच्या घराण्याची गौर तेरड्याची. मुळासकट उपटलेली तेरड्याची रोपं एकत्र बांधायची, पाणी भरलेल्या तांब्याच्या कळशीत उभी करायची, वर पितळी मुखवटा बांधायचा आणि साडी नेसवायची. यात दोन गोष्टी चालत नाहीत. तेरडा विकतचा चालत नाही, मागच्या गौरीच्या बियांचाच लागतो. आणि पूजेला पाटावर बसलेल्या बाईच्या नजरेला गौरीची नजर भिडली नाही, तर ते चालत नाही. नजर चुकली की आपण माहेरी आलोय असं तिला वाटत नाही, असं आमच्या सासूबाई सांगायच्या. त्यांना त्यांच्या सासूबाईंनी सांगितलं होतं.

वैनींनी बिया रुमालात बांधून पाठवल्या. मी त्या ताटात पसरून निवडल्या. भरीव, काळ्या बिया एका बाजूला घेतल्या, हलक्या, चिमलेल्या दुसऱ्या बाजूला. भरीव गच्चीवर कुंड्यांमध्ये पेरल्या. हलक्या कचऱ्यात टाकायला जीव धजेना, शेवटी त्याही गौरीच्याच. म्हणून इमारतीच्या मागे, जिथे आम्ही निर्माल्य पुरतो, तिथे टाकून दिल्या. आमची इमारत मुलुंडला अगदी डोंगराच्या पायथ्याशी आहे. मागच्या भिंतीपलीकडे नॅशनल पार्कचं जंगल लागतं आणि त्यातली मोठी झाडं भिंतीवरून आमच्याकडे वाकलेली आहेत. भरदुपारीही तिथे संध्याकाळ असते.

गच्चीवरच्या रोपांचं मी काही कमी केलं नाही. सगळ्यात उन्हाची जागा त्यांना दिली. पाऊस उघडला की कुंड्या ऊन असेल तिकडे सरकवायचे. सोमवारी महादेवाच्या अभिषेकाचं पाणी त्यांनाच. शुक्रवारी जिवतीची पूजा झाली की त्यांनाही हळदकुंकू. आमचे हे म्हणाले, "माझ्याकडे कधी एवढं लक्ष दिलंस?" मी म्हटलं, तुम्हाला कुंडीत घातलं असतं तर दिलं असतं.

रोपं छान धरली. खोड जाड, लालसर. पानं लहान आणि राकट. फुलं तर वेळेआधीच, गच्च. फक्त उंची होत नव्हती. श्रावण संपत आला तरी रोपं माझ्या गुडघ्याला लागत नव्हती.

श्रावणातल्या शेवटच्या शनिवारी वैनी बघायला आल्या. पिशवीतून मुखवटा घेऊनच आल्या होत्या. गच्चीवर कुंड्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"ह्या काय गो? गौर काय कडीपत्तो?"

मग एक कुंडी खाली घरात आणवली, पाटावर ठेवली, मला समोर बसवलं आणि शेंड्यापाशी मुखवटा धरला. मुखवट्याचे डोळे माझ्या मंगळसूत्रावर आले.

"ही काय दागिने बघूक इली?" वैनी म्हणाल्या.

"खाली अजून एक पाट घातला तर?"

"गौरीक पाटावर पाट घालून फसवतलस? तिका कळना नाय?"

मी चहा ठेवला. वैनींनी चहा घेतला, मुखवटा परत लाल पिशवीत घातला आणि उठता उठता म्हणाल्या, "जमणा नसात तर सांग. मी पलंग बाहेर काढतंय." रागाने बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी सरळ म्हणाल्या. पलंग बाहेर निघाला की गौर जोगेश्वरीला, आणि मी पुन्हा भाजी निवडायला.

निधी झाडांवर पीएच.डी. करते. त्यासाठी ती आठवड्यातून दोनदा आमच्या बाजूच्या डोंगरात येते आणि परतताना जेवून जाते. मोठ्या झाडांखाली जी लहान झाडं वाढतात, त्यांची पानं ती मोजते, सुकवते आणि वजन करते. आमच्याकडे पानं देवाला वाहतात, ती वजन करते. पान तेच. मंगळवारी ती आली तेव्हा मी तिला वाढता वाढता विचारलं, "जंगलात तेरडा असेल ना गं उंच? मूठभर आणशील?"

"काकी, मला परवानगी अभ्यासाची आहे, गौरीची नाही." मग घास हातातच ठेवून म्हणाली, "आणि विकतचा चालत नाही, मग चोरलेला चालतो का आपल्यात?"

"नाही चालत. विचारून बघितलं."

जेवण झाल्यावर ती गच्चीवर गेली. एक पान तोडून बोटांत चोळलं, खोड दाबून बघितलं.

"झकास आहेत की! काय घातलंस?"

"सगळंच घातलं. तरी बुटकी."

"अगं, तू हिला भरपूर ऊन दिलंस. इथेच सगळं मिळतंय, मग ही उंच कशाला होईल? जंगलात मोठ्या झाडांखाली उजेड गाळून गाळून येतो. तिथलं रोप उजेड शोधत वर जातं. खोड बारीक राहिलं तरी चालेल, पण वर जायचं. आणि पान रुंद, पातळ करतं, म्हणजे येईल तो उजेड पकडता येतो. इथे उन्हात उलटं. पान लहान, जाड, नाहीतर करपेल."

"म्हणजे लाड केले म्हणून खुरटली."

"लाड नाही गं, ऊन."

"सिद्धेशचे पण मी लाडच केले. तो केवढा उंच झाला."

"काकी, सिद्धेशदादा झाड नाहीये."

हे तिचं खरं होतं. मी विचारलं, आता कुंड्या सावलीत नेल्या तर? ती म्हणाली, आता फुलावर आलीत, आता काय वाढणार. मी मान हलवली. देवापुढचं कालचं निर्माल्य पुरायचं राहिलं होतं, म्हणून ते घेऊन मागे निघाले. निधी सोबत आली, बिबट्या दिसला तर दिसला म्हणून.

मागे चिखल होता. निर्माल्याच्या खड्ड्याभोवती कमरेएवढं रान माजलं होतं. रोज तिथे जाते, पण त्याच्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. पानं हाताच्या पंजाएवढी लांब, इतकी पातळ की बोट पलीकडून दिसावं. खोडं फिकी हिरवी, पाणीदार. फूल जवळजवळ नाहीच.

"हे रान काढायला सांगायला हवं सोसायटीला," मी म्हणाले.

निधी वाकून बघत होती. पान उलटं केलं, त्याच्या कडेचे दाते बघितले. मग पानांत लपलेलं एक गुलाबी फूल दोन बोटांत धरून तिने मला दाखवलं. फुलाच्या मागे वाकडी शेपटी होती, तेरड्याला असते तशी.

"काकी, इथे काय टाकलं होतंस?"

"हलक्या बिया," मी म्हणाले. मग मला खाली बसावंसं वाटलं, पण चिखल होता.

आवाहनाच्या दिवशी वैनी आणि निधी सकाळपासूनच आमच्याकडे मुक्कामाला होत्या. मागची रोपं मी मुळासकट काढली. हळूच ओढली तरी खोडं कडाकडा मोडायची, म्हणून मातीत बोटं घालून काढावी लागली. उंबरठ्यावर त्यांच्या मुळांवर पाणी घातलं, हळदीकुंकवाच्या पावलांवरून त्यांना आत आणलं. कळशीत उभी केली. बारीक खोडं एकटी तग धरत नव्हती, म्हणून बाहेरून गच्चीवरची बुटकी, जाड रोपं लावून सगळ्यांना एकत्र सुतळीने आवळलं. तळाशी फुलंच फुलं झाली. वर मुखवटा चढला, साडी चापूनचोपून बसली.

वैनींनी मला पाटावर बसवलं. गौर माझ्या डोक्यावरून समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

"आता लय उंच झाली," वैनी म्हणाल्या.

"शेंडे खुडू का?" निधीने विचारलं.

"गप! गौरीचे शेंडे खुडतत?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "रवांदे. उद्या पूजेक बघूया." भाजी-भाकरीचा नैवेद्य दाखवला. झोपताना घरात अंधार करवेना, लेक घरी आलेली. म्हणून स्वयंपाकघरातला दिवा तसाच ठेवला.

सकाळी उठून बाहेर आले तर गौरीने मान वळवली होती. रात्रीतून सगळे शेंडे स्वयंपाकघराकडे झुकले होते आणि मुखवट्याच्या भाराने थोडे खालीही आले होते. माझं अर्घ्य व्हायचं होतं, त्यामुळे कुणाला हाक मारता येईना. मी आधी अर्घ्य दिलं. घाई केली नाही असं म्हणणार नाही.

वैनी अंघोळ करून आल्या. गौरीकडे बघून त्यांनी पाट उचलला, स्वयंपाकघराच्या दाराकडे मांडला आणि स्वतः वर बसल्या. वैनी उंच आहेत.

"माझ्याकडे बघना नाय," त्या म्हणाल्या. "माझ्या गळ्याकडे बघता." मग उठल्या. "तू बस."

मी बसले. मी बुटकी आहे, गच्चीवरच्या तेरड्यासारखी. मुखवट्याचे डोळे सरळ माझ्या डोळ्यांत आले. मला कुंकवाचा करंडा दिसेना, तो वैनींनी हातात दिला.

"आई, रात्रभर तिकडे दिवा होता ना," निधी हळूच म्हणाली. "सावलीतली रोपं आहेत, उजेड दिसला की वळणारच. आणि मुखवटा जड."

"माका शिकवतस? चाळीत माझी न्हाणीकडच्या दिव्याकडे वळायची. म्हणून तर पूजा मी न्हाणीकडे पाठ करून करी." वैनींनी वातीला तूप लावलं. "वळता उजेडाकडेच. पण बघता कोणाकडे, ता बघ."

निधीने बघितलं.

विसर्जनाला निघण्यापूर्वी वैनींनी मुखवटा उतरवून लाल पिशवीत घातला आणि पिशवी माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली ठेवली. आमचे हे म्हणाले, "वैनी, विसरताय." त्या म्हणाल्या, "नाय." मग पिकलेली बोंडं रुमालात धरून त्यांनी दाबली. ती तटातट फुटली. काळ्या, चिमलेल्या, सगळ्या बिया एकाच रुमालात बांधून त्यांनी माझ्या हातात दिल्या.

"खंय पेरतलस?"

"मागे, भिंतीकडे."

"आणि रोज रोज बघूक जाव नको. हळदकुंकू तर अजिबात नको."

"हं," मी म्हणाले. मौन तेव्हा नव्हतं.