टाचांवरची चाल

विशाखा घरात आली की आधी तिच्या टाचा ऐकू येतात. चैत्रातली सकाळ असते, कूलरमध्ये भिजलेल्या वाळ्याचा गंध खोल्याखोल्यांतून फिरत असतो, पूर्वेच्या खिडकीतून आलेलं कोवळं ऊन फरशीवर लांबवर आडवं झालेलं असतं, आणि त्या उन्हातून टाच आधी, बोटं मागाहून, अशी तिची अनवाणी, ठाम चाल स्वयंपाकघराकडे जाते. चप्पल तिला घरात सोसवत नाही. ती वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवते आणि त्या अफाट शास्त्रातही तिचा जीव जडला आहे तो कमरेखाली. मी मराठी शिकवतो. त्यामुळे आमच्या संसारात चंद्र, मेघ आणि विरह माझ्या वाट्याला आले, आणि मांडी, पोटरी व घोटा तिच्या. आता मागे वळून पाहताना वाटतं, वाटणीत तीच फायद्यात राहिली.

नागपुरातल्या नंदनवन वस्तीत, आमच्या गल्लीत ती माणसं चेहऱ्यावरून ओळखतच नाही. दूधवाला तिच्यासाठी उजव्या कुल्ह्यानं रुसलेला माणूस आहे, समोरच्या देशपांडेकाकू म्हणजे गुडघे जुळवून चालणारी बाई. लग्नाला गेलो की सारी वऱ्हाडी मंडळी नवरीचे दागिने न्याहाळतात आणि ही नवरदेवाची चाल. एकदा मंडपात माझ्या कानाशी लागून म्हणाली, पोरगा चांगला आहे, पोटऱ्या दमदार आहेत. मी हसू दाबता दाबता अक्षता चुकीच्या वेळी टाकल्या.

तिच्या तोंडून पाय ऐकणं हा मात्र खरोखरीचा सोहळा आहे. मांडीवरून तिरका उतरणारा तो लांबलचक स्नायू, ज्याला मांडी घालून बसणाऱ्या शिंप्याचं नाव मिळालं. पोटरीतले दोघे सख्खे भाऊ, ज्यांच्या बळावर आपण टाचा उचलून फळीवरचा डबा काढतो. आणि कमरेतून निघून, करंगळीएवढ्या जाडीनं, मांडीच्या मागच्या अंधारातून खाली येणारी ती मोठी नस. गुडघ्यामागे तिचे दोन भाग होतात. त्यातला एक बाहेरच्या बाजूला वळतो आणि पायातल्या बारीक हाडाच्या मानेला वळसा घालतो, थेट कातडीखाली, वर ना मांस ना चरबी. तिथे आली की विशाखाचा आवाज हळवा होतो. एवढी राजेशाही नस, पण सगळ्यांत नाजूक जागी येऊन उघड्यावर बसली बिचारी, असं ती म्हणते. ही नस दबली की पाऊल वर उचलेनासं होतं. चालताना पंजा जमिनीवर आपटतो आणि माणूस जिना चढल्यासारखा गुडघा उचलून चालू लागतो.

दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांपुढचा पायाचा पहिला तास ती एकाच रीतीनं घेते. सलवार गुडघ्यापर्यंत दुमडते, रंगीत पेन्सिलींनी स्वतःच्या पायावर स्नायू लाल आणि नसा पिवळ्या काढते, मग पंजे वर उचलून नुसत्या टाचांवर अख्खा वर्ग ओलांडते. प्राध्यापिका बदकासारखी डुलत निघालेली पाहून मुलं आधी दबकत हसतात, मग मोकळी हसतात, आणि शेवटी सगळा वर्ग टाचांवर तिच्यामागून चालू लागतो. पाऊल उचलणारा तो नडगीजवळचा स्नायू त्या चालीत जागा होतो, आणि एकदा स्वतःच्या पायात जागा झालेला स्नायू पोरं जन्मात विसरत नाहीत. पुस्तक उघडण्यापूर्वी पाय उघडावा, हा तिचा धर्म.

तर अशा या बाईनं यंदाच्या वैशाखात काय करावं?

माझी थोरली बहीण प्रमिलाताई दर उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर कुरड्या घालायला येते. गव्हाचा चीक शिजवायचा, गरम असतानाच सोऱ्यात भरायचा आणि ऊन तापण्याआधी धुतलेल्या पातळावर कुरड्यांच्या रांगा उठवायच्या. नागपूरचं वैशाखातलं ऊन असं की सकाळी घातलेली कुरडई दुपारी खुळखुळते. ताईची या कामात मातब्बरी आहे आणि विशाखाला दुसऱ्याची मातब्बरी फार वेळ सहन होत नाही. ताईनं सांगून पाहिलं, बसायला पाट घे वं. पण ताई स्वतः उकिडवी बसलेली, तेव्हा ही कसली पाट घेते? दोघी पहाटेपासून सोऱ्या दाबत, एकमेकींच्या रांगांकडे चोरून बघत पुढे सरकत राहिल्या. मध्येच हिच्या पायाला मुंग्या आल्या. ज्या मुंग्यांचा अर्थ तिनं शेकडो मुलांना समजावला होता, त्यांना ही म्हणाली, येतात मुंग्या, जातात मुंग्या.

पातळ भरलं, ताईची रांग आमच्या बाईसाहेबांच्या रांगेहून आखूड निघाली, आणि विजयी मुद्रेनं ही उठली. उजवं पाऊल उठलंच नाही. पंजा भिजल्या फडक्यासारखा खाली लोंबला, पुढच्या पावलाला फटकन आपटला, आणि ती कठड्याला धरून उभी राहिली.

ताईच्या हातातला सोऱ्या गळाला. "तुहा पाय काहून लोंबून राह्यला वं?" एवढं बोलून तिनं लकवा, लकवा म्हणत जो आकांत मांडला, त्यानं शेजारच्या गच्च्या भरल्या. आणि विशाखा? ती जिन्याच्या पायरीवर बसली, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडाच्या मानेवर बोटानं टकटक केलं, अंगठ्याजवळची कातडी चिमटून पाहिली, आणि खो खो हसू लागली. जन्मभर जिची काळजी घ्या म्हणून सांगितलं, तिच्यावरच मी सकाळभर बसले, असं म्हणत तिनं जमलेल्या साऱ्या बायांना, चिकाच्या हातांनी, त्या नसेवर व्याख्यान दिलं. मला हसावं की रडावं कळेना. ताईनं मात्र त्याच संध्याकाळी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली.

मेंदूला काही झालेलं नव्हतं, हे तपासण्यांनीही सांगितलं. नस चेपली होती. अशा नसा बहुतेक वेळा केसाकेसानं वाढत परत येतात. किती, कधी, हे कुणी सांगत नाही, आणि काही येतही नाहीत. हे वाक्य विशाखा इतरांना सांगते तेव्हा शांतपणे सांगते. आता ते तिला तिच्याच घरात, स्वतःच्या पलंगावर बसून ऐकावं लागलं.

मग घराचा नादच पालटला. घोट्याला आधाराचा पट्टा आला. पट्टा काढला की एक पाऊल टाच-बोटं आणि दुसरं नुसतं फटाक. ती यावरही विनोद करी. म्हणे, आता तुम्हाला मी आल्याची वर्दी मोहल्ल्याबरोबरच मिळते. उजव्या पायातली चप्पल वाटेत राहून जाई आणि ही पुढे निघून जाई. पण कलत्या उन्हात तिला मी कधी कधी खिडकीशी एकटी पाहत असे. पाय समोर पसरलेला, नजर पंजावर खिळलेली, भुवया ताणलेल्या, गळ्याची शीर फुगलेली. सारा देह हुकूम सोडतो आहे आणि पाऊल ऐकत नाही. त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर विनोदाचा मागमूस नसे.

रोज दिवेलागणीला ती माझी बोटं धरून नडगीच्या बाहेरच्या कडेवर ठेवी. स्नायू जागा व्हायला लागला तर पाऊल हलण्याआधी बोटाखाली बारीकशी फडफड येईल, असं तिचं म्हणणं. ती जोर लावी, मी श्वास रोखून वाट पाही. ती विचारी, "काही लागलं का जी? मन राखायला बोलू नका, मले समजते." लागत काहीच नसे, आणि मी तसं सांगत असे. मग ती माझ्या हातावर थोपटून चहा टाकायला उठे. मला त्या थोपटण्यानं फार वेदना होई.

ज्येष्ठ गेला, आषाढ अंगणातून आला तसा गेला, तान्ह्या पोळ्याला गल्लीतली पोरं लाकडी बैल ओढत दारात आली. नव्या विद्यार्थ्यांचं वर्ष जवळ आलं, आणि तिच्या मनात काय सलतं आहे हे मला तिनं न सांगता कळलं. सहकारी म्हणाले, यंदा पडद्यावर चित्रं दाखवा. ती हो म्हणाली. घरी येऊन मात्र तिनं जेवणाचं ताट सरकवलं आणि स्पष्ट म्हणाली की टाचांवर चालता येणार नसेल तर पाय शिकवायचा तिचा हक्क संपला. तिच्या तोंडी असं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. मला रागही आला आणि भडभडूनही आलं. मी म्हणालो, पाय काय तुझ्या एकटीलाच आहेत?

असा मी त्या वर्गात जाऊन पोचलो. विरहावर तास घेणारा मी, पन्नाशी उलटलेला, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून व्यासपीठावर उभा, आणि माझ्या काटकुळ्या पायावर विशाखा लाल-पिवळ्या रेघा ओढते आहे. तिनं ओळख करून दिली ती अशी: हे मराठीचे सर आहेत, आज यांचा उपयोग होऊन राहिला आहे. मग मी टाचांवर चाललो. दोन वेळा तोल गेला. वर्ग असा काही हसला की माझ्या साऱ्या नोकरीत मला एवढी दाद मिळाली नव्हती. पोरं माझ्यामागून डुलत निघाली. मी वळून पाहिलं, तर विशाखा टेबलाला रेलून उभी होती, हसत होती, आणि तिचं एक पाऊल जमिनीला चिकटून होतं.

नंतर तिनं स्वतःचा पट्टा सोडला आणि पाय स्टुलावर ठेवला. तिला फरक दाखवायचा होता: सरांचा स्नायू पाऊल उचलताना कसा टणक होतो, आणि नस गेलेला हा माझा स्नायू कसा मऊ, निश्चल राहतो. पुढच्या बाकावरच्या, जरीपटक्याहून येणाऱ्या एका मुलीला तिनं बोलावलं. मुलीनं आधी माझी नडगी चाचपली, मग मॅडमची. विशाखा वर्गाकडे बघत म्हणाली, आता मी पाऊल उचलायचा प्रयत्न करते, आणि बघा, काहीही होणार नाही.

मुलगी गोंधळली. बोट तिथंच ठेवून, आपलंच चुकलं असावं अशा आवाजात ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही तर म्हणाल्या हे हलत नाही. पण हे हलून राहिलं."

विशाखानं तिला विचारलं, नक्की? पुन्हा जोर लावला. मुलगी म्हणाली, आतल्या आत, अगदी थोडं, आता पुन्हा. तिला या उत्तरात काय दडलं आहे याची सुतराम कल्पना नव्हती. कुणाचं मन राखण्याचं तिला कारणच नव्हतं. विशाखानं माझ्याकडे पाहिलं. मी रंगलेल्या पायानं पुढे झालो, खाली बसलो आणि जिथं इतके दिवस काही लागलं नव्हतं तिथं बोट टेकवलं. कातडीखाली काहीतरी इवलंसं थरथरलं. मी मान डोलावली. माझी बायको नव्या वर्गासमोर, स्टुलावर पाय ठेवून, ओंजळीत तोंड लपवून रडली, आणि मग त्याच ओल्या चेहऱ्यानं सगळ्यांना म्हणाली, "या रे, एकेकानं येऊन बघा. परत येणारी नस पुस्तकात नाही भेटत."

मुलं रांगेनं येत राहिली, एकेक बोट त्या थरथरीवर टेकत राहिलं, आणि मी फरशीवर बसल्या बसल्या पाहत राहिलो. तेव्हा मनात आलं, पायाला आपल्या चालीची आठवणही कातडीखालून अशीच येत असावी, केसाकेसानं, कुणाला न सांगता. आणि जी गेली म्हणून आपण तिच्याविना जगायला शिकत असतो, ती तेव्हा अजून वाटेत असते.