दिव्याखालची शेवंती

बायको जाऊन पाच महिने झाले तेव्हा शिंप्याच्या लक्षात आलं, की आजूबाजूच्या सगळ्या अंगणांत शेवंतीला कळ्या धरल्यात आणि आपल्याकडे एकही नाही.

त्याने कसूर ठेवली नव्हती. तिने शिकवलं तसे शेंडे खुडले होते. पहिल्यांदा हात धजेना. चांगलं वाढतंय त्याची मान कशाला मोडायची? पण शेंडा गेला की बाजूने चार फुटतात असं ती म्हणायची, आणि तसे ते फुटले. काठ्या रोवल्या, दुकानातल्या चिंध्यांनी फांद्या सैल बांधल्या, पाणी बुडाशीच घातलं. झाडं गुटगुटीत झाली. कळीचा मात्र पत्ता नाही.

त्याचा सगळा जीव भिंतीलगतच्या एका रोपात होता. बाकीची शेवंती जुन्या झाडांच्या बुडाशी फुटलेल्या पिलांची, तिचे रंग ठाऊक असलेले. हे एकच बायकोने बी पेरून वाढवलं होतं. बियांचं रोप आईच्या वळणावर जाईलच असं नसतं. फुलल्याशिवाय रंग कळत नाही. ती म्हणाली होती पिवळा. तो मुद्दाम म्हणाला होता पांढरा. "बघू या कोण तोंडघशी पडतं," ती म्हणाली होती. ते यंदा पहिल्यांदा फुलायचं होतं. कडक थंडीच्या आत फुललं नाही तर पुढच्या वर्षी ते आणि आपण असू की नाही, कोणी सांगावं?

एक फांदी पिशवीत घालून तो रोपवाटिकेतल्या म्हाताऱ्या माळ्याकडे गेला.

"पेशंट घरी ठेवून डॉक्टरकडे नख घेऊन आलात होय मास्तर?" माळी म्हणाला, आणि संध्याकाळी स्वतःच आला. त्याने पानं उलटून पाहिली, माती चिमटीत चुरडली. मग वर बघितलं. मागच्या दारावर दिवा जळत होता.

"हा किती वेळ चालू असतो?"

"असतो."

"असतो म्हणजे?"

"सगळा वेळ."

"मग कसली कळी धरतेय! शेवंतीला लांब, गडद रात्र लागते. तुमच्या अंगणात अजून उन्हाळाच चाललाय. दिवा बंद करा, बाकी तिला सगळं मिळतंय."

शिंप्याने मान हलवली. दिवा बंद केला नाही.

उन्हाळ्यात हॉस्पिटलला निघताना टॅक्सी दारात उभी होती, तरी ती मागे फिरली आणि बटण दाबून आली होती. "यायला उशीर होईल. अंधारात तुम्हाला मागच्या दाराचं कुलूप सापडत नाही." कुलूप उघडायला तो एकटाच आला. त्या बटणाला नंतर कोणाचं बोट लागलं नव्हतं.

त्याने दुसरी वाट काढली. काळ्या अस्तराचं दुपदरी कापड घेतलं, सगळ्या रोपांचं माप घेतलं आणि एक मोठी खोळ शिवली. संध्याकाळी पाचला घालायची, सकाळी आठला काढायची.

रविवारी लेक आली. "बाबा, झाडांना झबलं शिवलंत?"

"मापात आहे की नाही बघ."

"माझा लग्नातला ब्लाउज मांडवात उसवला होता, तो तुमच्याच मापाचा होता ना?" असं म्हणत ती हसत आत गेली आणि सवयीने बटणाकडे हात नेला. "भर दुपारी दिवा काय—"

"हात लावू नकोस!"

तो तिच्यावर असा कधी ओरडला नव्हता. तिचा हात तसाच राहिला.

"तिने लावलाय तो," तो हळू म्हणाला.

लेकीने हात खाली घेतला. मग तिने चहा टाकला. दोघं चहा प्यायले.

दहा दिवसांत खोळीखाली दमट झालं आणि पानांवर बुरशीची पांढरी भुरी चढली. बियांच्या रोपावर सगळ्यात जास्त. त्या संध्याकाळी त्याने खोळीत डोकं घालून पाहिलं. शिवण घट्ट होती, तरी सुईने पाडलेल्या प्रत्येक भोकातून उजेड येत होता. चाळीस वर्षांत त्याने स्वतःची शिवण आतून अशी कधी बघितली नव्हती.

त्याने खोळ काढून घडी घातली. बटणापाशी जाऊन उभा राहिला. बोट पुढे गेलं आणि मागे आलं. मग त्याने दुकानातलं स्टूल आणलं, त्यावर चढला, हाताला फडकं गुंडाळलं आणि बल्बच काढला. बटण तिने दाबलेलं होतं तसंच राहिलं.

भुरीची पानं त्याने एकेक करून तोडली. अंधार पडला की तो मागच्या पायरीवर बसायचा. डोळे सरावले की रोपं दिसायची.

तीन आठवड्यांनी कळ्या दिसल्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या. बाकीची फुलली, भिंतीलगतचं रोप मागे राहिलं. आठव्या आठवड्यात ते उमललं. एकच फूल. त्याने रिळांचा डबा बाहेर आणला आणि एकेक रीळ पाकळीला लावून बघितलं. पिवळं नाही, पांढरं नाही. विटकरी म्हणावं तर कडेला निराळीच झाक. एकही दोरा जुळेना.

त्याने लेकीला फोन लावला.

"फुललं? कोण जिंकलं बाबा?"

"कोणीच नाही. दोघंही तोंडघशी पडलो."

ती हसली, आणि मग नाक ओढल्याचा आवाज आला. "मी येते बघायला. आजच."

"ऊन असेपर्यंत ये," तो म्हणाला. "मागच्या दारी अंधार असतो."