तक्रार नसलेला मेल

डॉक्टरांनी वहिनींच्या हातच्या कवळीला आजवर कधी बरं म्हटलं नव्हतं. नव्या रुग्णाच्या दातांचा स्कॅन केलेला ठसा मेलने पाठवताना मागच्या कामाची एक तरी खोट काढायची, हा त्यांचा शिरस्ता. दाढ जरा उंच झाली. रंग अंमळ पिवळा आहे. वहिनी मुकाट्याने वाचत आणि कानस उचलत.

म्हणून त्या सकाळी डॉक्टरांच्या नावाचा मेल वाचून त्यांनी हातातला मेणाचा दात खाली ठेवला. ‘आपले काम अप्रतिम असते. आपल्यासारखी कारागीर लाभणे हे आमचे भाग्य. नव्या रुग्णाची माहिती सोबतच्या लिंकवर आहे, तातडीने पाहावी. उघडण्यासाठी आपल्या मेलचा पासवर्ड टाकावा.’

समोरच्या टेबलावर साचे घासणाऱ्या नणंदेने मान वर केली. "वहिनी, कानापर्यंत लाल झालात. काय आलंय एवढं?"

वहिनींनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. नणंद म्हणाली, हे छापून चौकटीत बसवू आणि दादाला रोज जेवणाआधी वाचायला लावू.

वहिनींनी लिंक उघडली. पासवर्डची चौकट आली, बोटंही कळांवर टेकली. पण कुणी इतकं गोड लिहिलं तर आधी आभार मानावेत, ही त्यांची जुनी सवय. त्यांनी फोन लावला.

डॉक्टरांनी आभार ऐकून घेतले.

"मी? स्तुती? बाई, माझी तब्येत ठणठणीत आहे."

असा मेल त्यांनी पाठवलाच नव्हता. पासवर्ड मागायचं तर त्यांना कारणच नव्हतं, ठसे ते नेहमी मेलला जोडूनच पाठवत. वहिनींनी आता नीट पाहिलं. वर नाव डॉक्टरांचं, खाली पत्ता भलत्याच कुणाचा. त्या मेलबॉक्समध्ये शेकडो रुग्णांचे ठसे होते, नावं-पत्ते होते. किल्ली हाती लागली असती, तर भामट्याने वहिनींच्याच नावाने साऱ्या दवाखान्यांना अशी गोड पत्रं धाडली असती. मग कुणी विश्वासाने काम दिलं असतं?

त्यांनी चौकट बंद केली आणि पासवर्ड खबरदारी म्हणून बदलला. नणंद म्हणाली, भामटा बिचारा डॉक्टरांना ओळखत नव्हता, एक खोट काढली असती तर वहिनी फसल्याच होत्या. वहिनी हसल्या, पण आतून जरा खट्टूच झाल्या. स्तुती तेवढी खरी असती तर बरं झालं असतं.

फोन अजून चालूच होता. डॉक्टर खाकरले.

"माझ्या आईची कवळी तुम्हीच केलीय. तुम्हाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या कुणाकडे द्यायला मला धीर होत नाही." आणि लगेच पुढे म्हणाले, "हिरडी मात्र फार गुलाबी झालीय."

दुपारी पुन्हा मेल आला. ठसा जोडलेला, आणि वर एकच ओळ: ‘मागच्या कवळीचा सुळा लांब होता.’

तरीही वहिनींनी फोन उचलला. "डॉक्टर, सुळा लांब होता म्हणून तुम्हीच लिहिलंत ना?"

"मीच. आणि होताच लांब."

वहिनींनी समाधानाने कानस उचलली.