तुळसाबाईच्या कोंबड्यांचं जेवण

"ते टोपलं भाईर ठेव आधी," तुळसाबाई दारातूनच म्हणाली. "मंग बोल."

तिची सून प्रेमिला टोपलं कमरेवर घेऊन अंगणातच थबकली. टोपल्यात लग्नघरचं उरलेलं होतं. भात, पुऱ्यांचे तुकडे, पापडांचा चुरा, आणि सगळ्यावर लोणच्याचा लालभडक खार पसरलेला. वास लागताच पाचही कोंबड्या तिच्या पायांत घोटाळू लागल्या.

"यमुताईच्या घरचं हाये," सून म्हणाली. "त्यायनंच बलावून देल्लं. कोंबड्यायले होईन म्हणे."

"आपल्या कोंबड्या कोनाचं उष्टं नाई खात."

"आत्याबाई, कोंबड्यायले काय समजते उष्टं न् ताजं?"

"त्यायले नसन समजत. मले समजते."

हुडकेश्वर तेव्हा खेडंच होतं. नागपूर आणि त्याच्यामध्ये ज्वारीची शेतं उभी असायची. याच गावात, याच यमुताईंच्या घराच्या मागच्या दाराशी तुळसाबाईची आई रोज संध्याकाळी पदर पसरून उभी राहायची. आतून कोणीतरी यायचं आणि हाताला हात लागू नये म्हणून वरूनच त्या पदरात शिळंपाकं टाकायचं. लहानगी तुळसा आईच्या लुगड्याला धरून ते पडताना बघायची. छप्पन साली दीक्षा घेऊन ती पांढऱ्या लुगड्यात नागपूरहून परतली आणि त्याच दिवशी आईला म्हणाली, उद्यापासून दुसऱ्याच्या घरचा तुकडा या घरात येणार नाही. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, तिचं तिनंच ठरवलं होतं. त्याला आता चौदा वर्षं झाली होती. मधे दोन वेळा चूल पेटली नाही, पण शब्द मोडला नाही. वस्तीत तिला हट्टी म्हणत, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं.

पण कोंबड्यांची गोष्ट अवघड होती. प्रेमिलाचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात गेलं होतं. आता तिला पुन्हा दिवस गेले होते. दवाखान्यातल्या नर्सनं डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि अंगात रक्त नाही, रोज एक अंडं खा, असं बजावलं. म्हणून प्रेमिलानं पारशिवनीहून, माहेरहून, या पाच कोंबड्या आणल्या. आठ-दहा दिवस अंडी मिळाली. मग कोंबड्या रोडावल्या आणि अंडी बंद झाली.

"आपल्या घरी उरते काय त्यायले टाकाले?" प्रेमिला म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "उष्टं उराले आधी पोट भरा लागते, आत्याबाई."

ते खरंच होतं. तुळसाबाईचा मुलगा रविंद्र रोज सायकल मारत सीताबर्डीला कापडाच्या दुकानात जायचा. घरातली ताटं बोटांनी पुसून स्वच्छ व्हायची. तुळसाबाई दारातून आत वळली. सुनेनं ते होकार समजून टोपलं अंगणात पालथं केलं.

दुसऱ्या दिवशी कोंबड्या पाण्याच्या भांड्यावरून हलेनात. पीत काय होत्या, पातळ हगत काय होत्या. दुपारी एक आडवी झाली ती उठलीच नाही, आणि दुसरीची मान लोंबू लागली. प्रेमिला रडायला लागली. "मी म्हनलं होतं न" हे शब्द तुळसाबाईच्या अगदी ओठांवर आले होते. पण तिनं सुनेच्या पोटाकडे पाहिलं आणि ते गिळले. लोंबत्या मानेची कोंबडी टोपलीत घातली आणि तिनं नागपूरची बस पकडली. बसमधे कंडक्टर म्हणाला, कोंबडीचं तिकीट कोण काढेल? "बसली नाई थे, निजून हाये," तुळसाबाईनं सांगितलं.

जनावरांच्या दवाखान्यात ओमप्रकाश नावाचा कंपाउंडर होता. त्यानं कोंबडी उलटीपालटी केली. "क्या खिलाया, बाई?"

"लग्नाचं जेवन. मिरचीनं झालं असन बाप्पा."

तो हसला. "मिरचीनं कोंबडीले काहीच होत नाही. तिले तिखट लागतच नाही. हे मिठाचं काम हाये. लोणचं, पापड, खारं कधीच देऊ नका. साधा भात द्या, भाकर भिजवून द्या, भाजीचे देठ, पालक, दुधीची सालं द्या. कच्ची डाळ नको, बुरशीचं नको, हिरवा पडलेला आलू नको. आता साफ पानी थोडं थोडं पाजा. वाचेल."

तुळसाबाई उठली, पुन्हा वळली. "अन् उष्टं?"

"जूठा? उसमें क्या? कोंबडीले चालते."

"कोंबडीले चालते," तिनं मान हलवली. परतीच्या वाटेवर ती टोपली मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसली होती. भांडण कोंबडीच्या पोटाचं नव्हतंच. भातानं तिचं काय वाईट केलं होतं? वाईट होती ती देण्याची तऱ्हा.

संध्याकाळी ती यमुताईंच्या पुढच्या दारात जाऊन उभी राहिली. जन्मात पहिल्यांदा.

"काय वं तुळसे, इकून काहून आली?" यमुताई ओट्यावर भाजी निवडत होत्या.

"तुमच्या लोनच्यानं माही कोंबडी मेली, यमुताई."

"अवं, मी चांगल्यासाठी देल्लं!"

"मालूम हाये. म्हनून सांगाले आली. तुमची लेक शामला बाळंतीन हाये, डाक्टरनं तिले अंडे सांगतले, अन् तुमी माळकरीन, घरी कोंबडी ठेवत नाई. मी अंडं देईन. तुमी वाढाच्या आधी मूठभर भात काढून ठेवाचा, अन् हे देठं-सालं. खारं नाई, कच्ची डाळ नाई. पर घ्याले आमच्या घरचं कोनी येनार नाई. तुमी आनून द्याचं."

"मी? तुह्या घरी?" यमुताईंच्या हातातली भाजी तशीच राहिली.

"अंडं तिथंच हाये न."

आठ दिवस कोणी आलं नाही. प्रेमिलाला वाटलं, सासूनं हातचं घालवलं. तुळसाबाई बांधावरून घोळभाजी खुडून आणायची आणि आपल्या वाटणीच्या भाकरीतली अर्धी भिजवून कोंबड्यांना घालायची. सून ते पाहायची. मग एके दिवशी तीही आपल्या भाकरीचा तुकडा मोडू लागली, तेव्हा तुळसाबाई तिच्यावर खेकसली, "तू खाय! तुह्या मांगं दोन पोटं हायेत." लोंबत्या मानेची कोंबडी मान सावरून हिंडू लागली. सातव्या दिवशी पहिलं अंडं मिळालं, ते तुळसाबाईनं सुनेला समोर बसवून खाऊ घातलं. आठव्या दिवशी दोन मिळाली.

नवव्या दिवशी सकाळी वस्तीतल्या पोरींची कुजबुज ऐकू आली आणि पाठोपाठ यमुताई अंगणात शिरल्या. हातात झाकलेलं पितळी पातेलं होतं. त्या इकडे बघेनात, तिकडे बघेनात.

"भातात मीठ नाई टाकलं आज," त्या पातेल्याकडे बघत म्हणाल्या. "घरचे समदे कुरकुरले. खा म्हनलं गुमान."

तुळसाबाईला हसू आलं. तिनं भात अंगणात पसरला, पातेलं घासून परत केलं आणि आतून अंडं आणलं.

"मी हात नाई लावत वं त्याले," यमुताई गळ्यातल्या माळेला हात लावत ओशाळून म्हणाल्या. "पदरात टाक, तुळसाबाई." आणि त्यांनी दोन्ही हातांनी पदर पसरला.

तुळसाबाई जागीच उभी राहिली. तसाच पसरलेला आईचा पदर तिनं लहानपणी रोज पाहिला होता, खालून. मग ती दोन पावलं पुढे झाली, अगदी जवळ गेली, वाकली, आणि पदराच्या घडीत अंडं हलकेच ठेवून वर कापड नीट ओढून दिलं.

"वरून टाकलं तं फुटते," ती म्हणाली.