पंधरा नव्या पुंगळ्या

वर्लिनने बंदुकीचा बोल्ट मागे ओढला आणि झाडलेल्या काडतुसाची दहावी पुंगळी टोपीत पडली. गरम होती, तरी त्याने ती उचलून उन्हात धरली. आत घालताना तिच्या मानेखालचे खांदे उतरते होते. आता ते उभे, ठळक झाले होते. या बंदुकीचं चेंबर, काडतूस बसतं ती पोकळी, त्याने तरुणपणी कारागिराकडून थोडं मोठं करून घेतलं होतं, त्यामुळे नवं काडतूस एकदा तिच्यातून झाडावंच लागे. पितळ फुगून चेंबरच्या मापाचं झालं, की ती पुंगळी कायमची हिचीच.

"कुठे बसल्या?" त्याने विचारलं.

दुर्बिणीला डोळा लावून बसलेली त्याची बायको, नेल्डा, भोकं मोजत होती. सप्टेंबर सरत आला होता. कुरणापलीकडे लार्चची झाडं पिवळी पडली होती, आणि कुठल्यातरी दूरच्या वणव्याच्या धुराने दुपार मऊ, झोपाळू झाली होती. शंभर पावलांवरचा निशाणाचा कागदही त्या धुरात तरंगल्यासारखा वाटत होता.

"पसरल्यात," ती म्हणाली. "ताटभर जागेत."

"पसरणारच. पितळ आकार घेतंय अजून. या गोळ्या धरायच्या नसतात."

नाचता येईना अंगण वाकडं, हे अगदी ओठांवर आलेलं नेल्डाने गिळलं. गेल्या मोसमात त्याची गोळी एल्क हरणाच्या मादीच्या पोटात लागली होती. दोन दिवस दोघं रक्ताच्या थेंबांमागे फिरली, पण ती सापडली नाही. हात बसत नसेल तर पुढच्या वर्षी बंदूक उचलणार नाही, असं तेव्हा तो स्वतःच म्हणाला होता. आता शिकार पंधरा दिवसांवर आली तरी तो विषय काढत नव्हता. तिला त्याची दया येत होती, आणि रागही.

"ऊठ. उरलेल्या पाच मी झाडते."

"तू? खांदा निखळेल तुझा."

"माझ्या खांद्याचं मी बघते. सरक, म्हाताऱ्या."

तिने बंदुकीचा दस्ता वाळूच्या पिशवीवर टेकवला. प्रत्येक बाराचा आवाज डोंगरावर जाऊन परत येई, तोवर ती थांबे, आणि मगच पुढचं काडतूस घाली. तिला काही घाई नव्हती.

पाचव्यानंतर वर्लिनने दुर्बिणीला डोळा लावला. पाचही भोकं एका तळहाताखाली झाकली गेली असती. तीच बंदूक, तीच दारू, तसंच नवं पितळ. बघून झालं तरी त्याने डोळा काढला नाही.

"माझ्या वेळी वारा पडला," नेल्डा हळूच म्हणाली.

"वारा सकाळपासून पडलेलाच आहे."

तिच्या पाच पुंगळ्या त्याने शर्टाला एकेक करून पुसल्या आणि तिच्या हातात ठेवल्या.

"वरच्या कुरणात एल्कच्या माद्या पहाटे उतरतात," तो म्हणाला. "झऱ्याच्या अंगाने. मादी पुढचा पाय पुरता पुढे टाकून छाती उघडी करेपर्यंत चाप ओढायचा नाही."

"आणि तू?"

"घोडी धरायला कुणीतरी लागेलच की."