डाळिंबी काठ

"काकू, नीट बघून सांगा की. यातला कुठला?"

अंकिताने मोबाइल पुन्हा चंद्रिकाबाईंच्या पुढे धरला. पडद्यावर रंगांचे चौकोन होते. चंद्रिकाबाईंनी आधी डाळिंबी चौकोनावर बोट ठेवलं होतं, मग केशरीवर. आता बोट दोन्हींच्या मधेच घुटमळलं.

"सकाळपतूर डोळ्याम्होरं होता गं. तू इचारलंस आन् गेला."

टेबलावर काचेची बरणी होती. बरणीत स्पिरिट, आणि त्यात अंगठ्याएवढा पांढराफटक जीव. समुद्रातली, पाठीवर शंख नसलेली गोगलगाय. चंद्रिकाबाईंचे यजमान बसलिंगप्पा सर सोलापूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला नुकते लागले होते, तेव्हा त्यांनी ती कोकणातून आणली. बरणीवरच्या चिठ्ठीत नावाच्या जागी त्यांनी लिहिलं, 'माहीत नाही'. पोरं बरणीला सरांची दुसरी बायको म्हणायची. सर निवृत्त झाले, प्रयोगशाळेच्या खोलीत संगणक आले, आणि दुसरी बायको सरांच्या मागोमाग घरी नांदायला आली. सरांची आई सुंदरम्मा तेव्हा होती. लिंगायताच्या घरात मासळी आणली म्हणून तिने मुलाशी दोन दिवस अबोला धरला होता.

अंकिता सरांची शेवटच्या वर्षांतली विद्यार्थिनी. आता ती गोव्यात समुद्री जीवांवर संशोधन करते. बरणीतला जीव अजून कुणी नाव न दिलेल्या जातीचा असावा, असं तिला वाटत होतं. तो किनारा तिने पालथा घातला, पण ते खडक भरावाखाली गेले होते. जगात एवढा एकच नमुना उरला होता.

"अंग उघडून तोंडातले दात बघावे लागतील, सर," ती आल्या आल्या म्हणाली होती.

"उघड की. त्यासाठीच तर जपली."

पण दातांवर भागत नव्हतं. हिच्याच कुळातली, अंगाभोवती केशरी काठ असलेली एक जात जगाला ठाऊक होती. हिचा काठ केशरी असेल तर ही तीच. डाळिंबी असेल तर नवी. स्पिरिटने रंग केव्हाच खाऊन टाकला होता, आणि सरांना विचारून उपयोग नव्हता. लाल आणि हिरव्यात सरांची लहानपणापासून गल्लत व्हायची. पिकले टोमॅटो म्हणून ते आजही पिशवीभर हिरवे आणतात. जिवंतपणी तिचा काठ खऱ्या अर्थाने पाहिला तो एकट्या चंद्रिकाबाईंनी.

त्या तिथे गेल्या त्याही गमतीनेच. कॉलेजच्या कोकण सहलीला मुली होत्या, सोबत कुणीतरी बाईमाणूस पाहिजे, असं प्राचार्यांनी बजावलं. मग सरांनी नवी नवरीच बसमध्ये बसवली. वळसंग गावच्या या नवरीने समुद्र पहिल्यांदा पाहिला. लग्नातली इरकल ओली होऊ नये म्हणून तिने ती खोचून घेतली आणि खडकांतून अनवाणी हिंडली. एका डबक्यात तिला झालरीसारखं काहीतरी हलताना दिसलं. "अवो, हिकडं या, ह्येला माज्या लुगड्याचा काठ हाय!" ती इतक्या जोरात ओरडली की मुली लांबूनच खिदळल्या. त्या वेळी ती किती सुंदर दिसत होती, हे सर आजही सांगतात, रंग सोडून.

"लुगड्याचा काठ!" चंद्रिकाबाई एकदम म्हणाल्या. "अगं, त्यो काठ तर हाय की घरात."

सर खुर्चीत ताठ झाले. त्यांच्या मांडीवर कौदी होती. गोधडीला या घरात कौदी म्हणतात. सुंदरम्माने जाण्याआधी शिवलेली ही शेवटची. सुनेची जुनी इरकल तिने आतल्या थरात घातली होती, वरून धुवट पातळं. उन्हाळा असो की थंडी, सर ती पांघरल्याशिवाय झोपत नाहीत.

"ही न्हाय उसवायची," सर म्हणाले. "आईचा हात हाय हिच्यात."

"सर, राहू दे," अंकिता म्हणाली. "काकूंना आठवतं तेवढंच लिहिते."

"काय लिवणार? केशरी का डाळिंबी म्हून?" चंद्रिकाबाई वळल्या. "अवो, एवढी जपलेली गोगलगाय कापायला लगेच व्हय म्हनला. आन् चार टाक्यांला न्हाय?"

सर बराच वेळ कौदीवरून हात फिरवत राहिले. आईचे टाके बारीक होते, तांदळाच्या दाण्यांसारखे. मग ते उठले आणि कपाटातून आपली जुनी पेटी घेऊन आले. बेडूक उघडायची बारीक कात्री त्यांनी बाहेर काढली.

"मी उसवते की," चंद्रिकाबाई म्हणाल्या.

"नको. माजं मला करू दे."

कापडाला त्यांनी धक्का लागू दिला नाही. कोपऱ्यातले टाके तुटले तसा एकेक थर बाजूला झाला. आत ऊन कधी पोचलंच नव्हतं. काठ कालच पेटीतून काढल्यासारखा तेजदार होता.

चंद्रिकाबाईंनी तोंडावर पदर धरला. "ह्योच. ह्योच गं बाई."

डाळिंबी. केशरीचा मागमूस नव्हता. अंकिताने खिडकीत नेऊन फोटो काढले. 'बघणाऱ्या बाईने ओळखलेला रंग' असंच लिहीन, म्हणाली.

"नाव तुमचंच देणार होते, सर."

"मी कुटं बघितली? बघितली हिनं."

"अगं बाई! गोगलगायीला माजं नाव? पावण्यारावळ्यांत काय सांगू?" चंद्रिकाबाई म्हणाल्या, पण 'नको' काही म्हणाल्या नाहीत.

संध्याकाळी अंकिता बरणी टॉवेलात गुंडाळून घेऊन गेली. बरणी एरवी असायची त्या फळीवर तिच्या बुडाचा गोल डाग राहिला. चंद्रिकाबाई दिव्याखाली कौदी शिवायला बसल्या. चष्मा असूनही त्यांचे टाके मोठे पडत होते, सासूच्या टाक्यांशेजारी ओळखू येत होते. काठाची बोटभर पट्टी त्यांनी मुद्दाम वर ठेवली.

सर जवळ येऊन बसले. त्यांनी वाकून पाहिलं, डोळे बारीक केले. त्यांना सगळाच कोपरा मातकट दिसत होता. त्यांनी पट्टीवर अंदाजाने बोट ठेवलं.

"ह्यो का?"

चंद्रिकाबाईंनी त्यांचं बोट धरून थोडं अलीकडे सरकवलं.

"ह्यो."

सरांनी बोट तिथून उचललं नाही.